सातव्या पिढीचं विरजण

मी मूळची औसा तालुक्यातली. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी लातूरला केलं, दोन वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मोजलं, आणि २ जानेवारी २०२४ला छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉटेलातल्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, शिकाऊ म्हणून लागले. घरी पहिले दोन महिने ‘फूड इंडस्ट्री’ एवढंच सांगितलं होतं. वडील फोनवर विचारायचे, "काय शिजवायलीस तिथं?" मी म्हणायचे, "जव." खोटं नव्हतंच ते.

बिअरच्या टाकीतून यीस्ट (साखर आंबवणारे सूक्ष्म जीव) काढून पुढच्या खेपेला वापरायचं, हे शिकायला मला जवळजवळ अख्खं वर्ष लागलं. इंग्रजीत यावर ढीगभर लिहिलेलं आहे, मराठीत मला काहीच सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप. आणि हो, आधीच सांगते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. "घरी करून बघू का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं उत्तर एकच, नको. माझा मावसभाऊ अमेरिकेत आहे. तिथे १९७८ साली कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यामुळे दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःसाठी करता येते. त्याच्या गॅरेजमधली २० लिटरची बादली आणि आमची ५०० लिटरची टाकी, यीस्टला दोन्ही सारखेच. त्यामुळे परदेशात घरी करणाऱ्या मंडळींनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

रुजू होताना नोकरनाम्यासाठी, म्हणजे दारूच्या परवान्यावर काम करायच्या मंजुरीसाठी, कागद गोळा करावे लागले. आधार, फोटो, वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर माझ्या नावाची एक वेलांटी चुकलेली, त्यापायी लातूरची एक चक्कर झाली. या क्षेत्रात येणार असाल तर सगळ्या कागदांवरचं नाव आधी एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

मूळ विषय पैशांचा होता. आमचं कोरडं यीस्ट ५०० ग्रॅमच्या पाकिटात यायचं आणि सगळं धरून साडेबारा हजारांच्या आसपास पडायचं. १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम असा हिशेब, म्हणजे ५०० लिटरच्या एका खेपेला अडीचशे ते चारशे ग्रॅम. उरलेलं नीट बंद करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी आठवड्याच्या आत संपवायचं. आमची पुढची खेप कधीच आठवड्यात नसायची, त्यामुळे उरलेलं सरळ कचऱ्यात. फेब्रुवारीच्या शेवटी मालकांनी बिलं समोर टाकली आणि सरांना म्हणाले, "बाकीचे लोक टाकीतलंच वापरतात म्हणे. आपली पोरगी मायक्रोबायॉलॉजीची आहे ना?" सर पुण्याचे, आमचे ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवण्यातले मुख्य. महिन्यातून दहा दिवस इथे, बाकीचे दिवस फोनवर. त्यांनी मला एक पान लिहून दिलं आणि सांगितलं, "दही लावतेस ना? तेच आहे. फक्त विरजण चुकलं तर ५०० लिटर दही नासतं."

तेच आहे, हे खरं. आंबवणं संपलं की यीस्ट मरत नाही, दमून तळाशी बसतं. ताजी साखर मिळाली की पुन्हा कामाला लागतं. शेकडो वर्षं लोक हेच करत आले, तेही यीस्ट म्हणजे काय हे माहीत नसताना. १५१६च्या बव्हेरियातल्या शुद्धतेच्या नियमात जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच लिहिलंय, यीस्टचा उल्लेखच नाही. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं ते १८८३ साली. आमच्या शहरात नान-खलियाचा नान ज्या खमिरावर फुगतो, ते तरी काय वेगळं? कालच्या पिठाचा गोळा आजच्या पिठात.

१ मार्चला नव्या पाकिटावर साधी हलकी एल (बिअरचा एक प्रकार) लावली. पाच दिवसांत आंबवणं संपलं, दोन दिवस तशीच राहू दिली आणि मग टाकी ३ अंशांवर आणली. ९ मार्चला सकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडायचा होता. आदल्या दिवशी मी आठवडी बाजारातून दुधाची १० लिटरची स्टीलची किटली आणली होती, चौदाशे रुपयांना. तिला कॉस्टिकने धुतलं, पाण्याने खंगाळलं, मग जंतू मारायला पेरॅसिटिक अ‍ॅसिड फिरवलं. व्हॉल्व्हच्या तोंडावर ७० टक्के अल्कोहोल मारून ते पेटवून घेतलं. हात थरथरत होते.

पहिला लिटर-दीड लिटर जो येतो तो बघून धीर सुटतो. मेंदी धुतलेल्या पाण्याच्या तळाशी उरतो तसा हिरवट-तपकिरी गाळ. हॉप्सचा चोथा, प्रथिनं आणि सगळ्यात आधी खाली बसलेल्या म्हाताऱ्या नाहीतर मेलेल्या पेशी. तो फेकून द्यायचा. मग धार हळूहळू उजळते, जाड होते आणि एका क्षणी पातळ श्रीखंडासारखं, मऊ, मोतिया रंगाचं यीस्ट यायला लागतं. वास ताज्या पावाचा, किंचित फळाचा. हेच आपलं विरजण. शेवटी ताकासारखं पातळ होत जातं, तिथे व्हॉल्व्ह बंद. पातळातल्या पेशी लवकर खाली न बसणाऱ्या असतात. सारख्या त्याच गोळा करत गेलात तर काही खेपांनी बिअर निवळेनाशी होते. म्हणून मधलं घ्यायचं.

सात लिटर मिळालं. मी झाकण नुसतं टेकवलं, वर फॉइल गुंडाळली आणि कोल्ड रूममध्ये जागा नव्हती म्हणून किचनच्या मोठ्या फ्रीजमध्ये ठेवून दिली. कागदावर ‘हात लावू नये’ लिहून चिकटवलं. रात्री किचनच्या मामांनी फ्रीज आवरताना बघितलं, उघडी किटली, वर नुसतं झाकण टेकवलेलं. भला माणूस. त्यांनी झाकण दाबून गच्च बसवलं, वर दोरीही बांधली.

सकाळी मी दोरी सोडली आणि झाकण माझ्या कानाजवळून गेलं. थंडीतही यीस्ट गॅस सोडत राहतं, हे मला पुस्तकातून पाठ होतं. किटलीतून मात्र ते छतापर्यंत गेलं. फ्रीजमधल्या पनीरवर, कोथिंबिरीवर, माझ्या केसांत, सगळीकडे श्रीखंड. मामा म्हणाले, "ताई, दूध उतू जाताना बघितलंय, पण वर जाताना पहिल्यांदाच." उरलेलं चार लिटर फेकून दिलं. काचेची बरणी असती तर हसायला उरले नसते. घरी करणाऱ्यांनो, बरणीचं झाकण कधीही घट्ट लावू नका. मावसभावाच्या फ्रीजमधल्या बरण्यांची झाकणंही सैल असतात, रोज एकदा हात फिरवतो तो.

त्या दिवशी पनीरचे साडेसहाशे रुपये माझ्या पगारातून गेले. मामांनी त्यातले अर्धे द्यायची तयारी दाखवली, मी घेतले नाहीत.

पुढची खेप नव्या पाकिटावरच लावावी लागली. २० मार्चला पुन्हा काढलं, या वेळी कोल्ड रूममध्ये, किटलीला कुलूपबंद जाळीत ठेवून. सर म्हणाले, आता पेशी मोजल्याशिवाय वापरायचं नाही. एका पॅथॉलॉजी लॅबने विकायला काढलेला जुना मायक्रोस्कोप साडेपाच हजारांना मिळाला, न्यूबॉयर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची जाळी आखलेली काच, अठराशेला, मिथिलीन ब्लूची बाटली दीडशेला. हे मोजणं मला इतकं आवडलं की थोडं सविस्तर सांगते.

यीस्ट आधी शंभर पट पातळ करायचं आणि मग त्यात तेवढाच मिथिलीन ब्लू घालायचा, म्हणजे एकूण दोनशे पट. काचेच्या चेंबरवर एक थेंब. भिंगाखाली जाळी दिसते, मधल्या चौकोनात २५ घरं, त्यातली पाच मोजायची, चार कोपऱ्यांतली आणि एक मधलं. जिवंत पेशी तो रंग आत गेला तरी फिका करून टाकते, मेलेली निळीच राहते. गणपतीच्या आरासातले मणी सांडल्यासारखं दिसतं, पारदर्शक मण्यांत मध्येच एखादा निळा. माझ्या पाच घरांत १२० पेशी आल्या, त्यातल्या ९ निळ्या. म्हणजे साडेब्याण्णव टक्के जिवंत. १२० गुणिले ५, गुणिले दहा हजार, गुणिले दोनशे. एका मिलिलिटरमध्ये १२० कोटी पेशी, त्यातल्या १११ कोटी जिवंत.

आता लागतात किती? आमचा वर्ट, म्हणजे जव शिजवून काढलेलं गोड पाणी, १२ प्लेटोचा (प्लेटो हे त्यातल्या साखरेचं माप). सरांचा हिशेब दर मिलिलिटरला, दर प्लेटोला १० लाख पेशी. ५०० लिटरला ६ लाख कोटी. म्हणजे त्या वर्षीच्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाएवढा आकडा, मी दोनदा तपासला. भागाकार केला तर साडेपाच लिटरच्या जरा आत. मावसभावाला २० लिटरला एक मोठी वाटी ते पेलाभर पुरतं. त्याच्याकडे मायक्रोस्कोप नाही, तो जाडी बघून अंदाजाने घालतो आणि त्याचं बहुतेक वेळा जमतंही.

२२ मार्चला पहिल्या पिढीचं, म्हणजे टाकीतून काढून पहिल्यांदा पुन्हा वापरलेलं, यीस्ट पडलं. तरीही फेस यायला अख्खा दिवस लागला, मी रात्रभर हॉटेलातच. सरांना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ऑक्सिजन दिलास का?" नव्हता दिला. कोरड्या यीस्टला पहिल्या वेळी तो लागत नाही, कारखान्यातच त्याच्या पेशींत पुरेशी शिदोरी भरलेली असते. दुसऱ्या वेळी ती संपलेली असते. नवं आवरण बांधायला त्याला प्राणवायू लागतो, म्हणून पुन्हा वापरलेलं यीस्ट टाकताना थंड वर्टमध्ये हवा किंवा ऑक्सिजन सोडायचाच. त्या कागदाच्या पानावर हे नव्हतं. सर म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल." असो.

दुसरी पिढी ४ एप्रिलला सुरेख गेली, आठ तासांत फेस. तिसरीही. मला वाटायला लागलं की जमलं आपल्याला. तीन पाकिटं वाचली, साडेसदतीस हजार. मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

चौथ्या पिढीचं यीस्ट मी २९ एप्रिलला काढलं. ३ मेला खेप ठरलेली. २ मेला टाक्या थंड ठेवणाऱ्या चिलरचा पंप बंद पडला. बाहेर त्रेचाळीस अंश. सुटा भाग यायला आठ दिवस लागले. तोवर कशीबशी जुनी टाकी थंड ठेवली, नवी लावायचा प्रश्नच नव्हता. पंप आला आणि लगेच निवडणूक. आमचं मतदान १३ मेला, त्यामुळे ११ तारखेच्या संध्याकाळी सहापासून मतदान संपेपर्यंत कोरडे दिवस. विक्री बंद, टाक्या भरलेल्या, नव्याला जागा नाही. मी औशाला ७ तारखेला जाऊन मतदान करून आले होते, एका दिवसात परत. किटली तशीच.

१४ मेला खेप लागली. यीस्ट पंधरा दिवसांचं. भिंगाखाली बघितलं तर निळे मणी डोळ्यात भरण्याइतके. जिवंत फक्त ७१ टक्के. वासातही काहीतरी होतं, शिजलेल्या मांसाच्या पाण्यासारखं, रबरासारखं, पुसटसं. सर त्या वेळी गावी होते, फोन लागत नव्हता. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. कपाटात एक पाकीट पडलेलं होतं, साडेबारा हजारांचं. आणि महिन्याभरापूर्वीचं ते कौतुक होतं. मी गणित केलं, जिवंत कमी तर लिटर जास्त, आणि जवळजवळ सगळी किटली ओतली.

छत्तीस तास टाकी गप्प. इतका वेळ गोड, कोमट वर्ट मोकळं पडलं की त्यावर दुसरे जीव हक्क सांगतात. फेस आला, पण २० मेला चव घेतली आणि दात आंबले. एरवी सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान असणारा पीएच ३.६. लॅक्टिक अ‍ॅसिड, दह्यातलं. डेअरीत दोन वर्षं काढलेली मी, हा वास ओळखायला मला मिनिटही लागलं नाही.

बिघडलेली बिअर आपल्या मनाने गटारात सोडता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रजिस्टरमध्ये ५०० लिटर चढलेली असते, ती उतरायलाही कागद लागतो. २२ मेला उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज दिला, त्यात बॅच नंबर, तारीख, लिटर आणि बिघाडाचं कारण. कारणाच्या रकान्यात मी ‘यीस्ट जुने’ असं लिहिलं. २८ मेला खात्याचे साहेब आले, टाकीची पातळी मोजली, पंचनामा झाला, दोघांच्या सह्या, आणि समोर व्हॉल्व्ह उघडला. रिकामी व्हायला चाळीस मिनिटं लागली. माल्ट-हॉप्सचे बावीस हजार, वर वीज. मला खरं टोचलं ते पाणी. आमच्याकडे लिटरभर बिअरमागे धुण्याधाण्यासकट सहा-सात लिटर जातं. मी लातूरकडची, २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यासाठी रांगेत हंडे लावलेली. त्याच उन्हाळ्यात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती, आणि वडील पेपर मोठ्याने वाचत होते. २०२४च्या मेपर्यंत त्यांना माझी नोकरी कळली होती. पण हे ओतलेलं मी त्यांना सांगितलं नाही.

सर परतले तेव्हा रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. फक्त विचारलं, "तुझी आई आठ दिवसांच्या दह्याचं विरजण लावते का?" लावत नाही. शेजारून वाटीभर मागून आणते.

४ जूनच्या मतमोजणीचा कोरडा दिवस जाऊ दिला आणि १० जूनला नव्या पाकिटावर सुरुवात केली. आता भिंतीवर माझ्या अक्षरात एक कागद आहे. शक्यतो तीन दिवसांत वापरायचं, आठवडा उलटला की मोजायचंही नाही, फेकून द्यायचं. जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या खाली असल्या तर फेकायचं. वासाबद्दल शंका आली तर फेकायचं, शंका कुणालाही आली तरी, मामांनासुद्धा. टाकी थंड झाल्यावर दोन दिवसांत यीस्ट काढायचं, कारण तळाच्या निमुळत्या भागात दाबून बसलेलं यीस्ट बाहेरून थंड पण आतून तापत राहतं. कडक, सहा-सात टक्क्यांच्या वरच्या बिअरचं घ्यायचं नाही, ते दमलेलं असतं. वरून हॉप्स घातलेल्याचंही नाही. फिक्याचं गडदाला चालतं, गडदाचं फिक्याला नाही.

उकळून गार केलेल्या पाण्याने यीस्ट धुवावं का, यावर लोक हिरिरीने भांडतात. मी जुलैत एकदा करून बघितलं. पाणी घालून ढवळायचं, वीस मिनिटं ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं दुधाळ ओतून घ्यायचं. दिसायला फार देखणं. पण बिअरचा आंबटपणा आणि अल्कोहोल यीस्टला थोडं तरी राखतात, पाणी राखत नाही, आणि हाताळणी वाढली की घाणीला वाट मिळते. आमच्याकडे नळाला पाणी येतं तेही रोज नाही. मी तेव्हापासून बिअरखालीच ठेवते. फॉस्फोरिक अ‍ॅसिडने धुण्याचाही प्रकार आहे, त्याने बॅक्टेरिया मरतात, रानटी यीस्ट मरत नाही. ते मी अजून केलेलं नाही.

मावसभावाने मध्ये नॉर्वेच्या क्वाइकबद्दल सांगितलं. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट, लाकडी कड्यांवर वाळवून टांगलेलं, आणि पस्तीस-चाळीस अंशांतही बिघडत नाही. मराठवाड्यासाठीच जन्मलेलं वाटतं. मालकांना सांगितलंय, बघू.

२ जुलै, २४ जुलै, १५ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, २७ सप्टेंबर, २० ऑक्टोबर, अशा सहा पिढ्या झाल्या. १५ ऑगस्टला बार बंद म्हणून अख्खा दिवस शांतपणे खेप लावता आली. पाचव्या पिढीची बिअर मला चवीला सगळ्यात गोल वाटली. सर म्हणाले, बऱ्याचदा असंच होतं, पाकिटातलं पहिलं जरा बुजरं असतं. मला ते मोजून दाखवता येणार नाही.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला जाहीर झालं तेव्हा मी पहिल्यांदा कॅलेंडर काढलं. १८ तारखेच्या संध्याकाळपासून कोरडे दिवस, २३ला मतमोजणी. उलटा हिशेब केला. ९ नोव्हेंबरला सातव्या पिढीचं यीस्ट काढलं, ९४ टक्के, आणि ११ला टाकलं. साडेसहा तासांत फेस. १८ला बार बंद झाला तेव्हा टाकी थंड होत होती, आणि विकायची कुणालाच घाई नव्हती.

आठवी पिढी काढली नाही. सर म्हणाले अजून दोन सहज निघतील, आकडेही बरे होते. पण २० तारखेला मी औशाला मतदानाला गेले होते, २१ला उशिरा परतले आणि २२ला व्हॉल्व्ह उघडला तेव्हा तीन दिवस उलटून गेलेले. वास चांगला होता. मामांना बोलावून दाखवला, तेही चांगला म्हणाले. मग किटली धुवायला ठेवली आणि मालकांना पाकिटाची ऑर्डर टाकायला सांगितलं.